दूध घालणार असाल तर रोबस्टा घ्या

खान्देशात कॉफी पिणारा माणूस एक तर पुण्याला राहून आलेला असतो, नाही तर डॉक्टरनं त्याचा चहा बंद केलेला असतो, असा समज अजून पुरता गेलेला नाही. जळगावात आता काचेची, थंडगार कॉफीची दुकानं झालीत, कॉलेजची पोरं तिथं दीड-दोन तास एका कपावर काढतात, पण घराघरात सकाळी चढतो तो चहाच. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात कुणाला कॉफीबद्दल काही विचारायचं झालं की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला, कॉफीच्या दोन मुख्य जातींचा: "मामा, अरेबिका चांगली की रोबस्टा?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "दूध घालतोस का?"

घालत असशील तर रोबस्टा घे, निदान रोबस्टाचा भाग जास्त असलेली घे. बिनदुधाची पीत असशील तर अरेबिकाला पैसे मोड. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथं थांबलं तरी चालेल.

पण समोरच्याला ते पटत नाही. पाकिटावर सोनेरी अक्षरात '१०० टक्के अरेबिका' छापलेलं त्यानं पाहिलेलं असतं. '१०० टक्के रोबस्टा' असं अभिमानानं छापलेलं पाकीट त्याच्या नजरेला क्वचितच पडतं. मग जे कुणी मिरवत नाही ते हलकंच असणार, असा सरळ हिशोब. मला तो हिशोब मान्य नाही, आणि त्याचं कारण माझा धंदा.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस बघतो. गाडी आली की वरचा कापूस सोडून द्यायचा, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा काढायचा. ओल किती, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस किती, कचरा किती ते बघायचं. मग दोन्ही अंगठ्यांत पुंजका धरून तंतू ओढत ओढत सरळ करायचे आणि लांबी काढायची. आता या कामाला मशीन आहे, पण गाडीवाला मशीनकडे बघत नाही, माझ्या अंगठ्याकडे बघतो. या धंद्यात शिरलं की पहिली गोष्ट ही कळते, की लांब धागा तो चांगला आणि आखूड तो वाईट, असं काही नसतं. कापूस कशाला हवाय ते आधी विचारायचं. तलम सुताला अमेरिकन कापूस, लांब धाग्याचा. गादीला, उशीला, दवाखान्यातल्या कापसाला देशी. जाडाभरडा, आखूड, पण दाबला तरी परत फुगून येणारा. गादीवाल्याला लांब धाग्याचा कापूस दाखवा, तो हसेल तुम्हाला.

अरेबिका आणि रोबस्टा यांचं नातं मी वाचायला लागलो तेव्हा मला आमचा कापूसच समोर दिसायला लागला. देशी कापसाच्या पेशीत गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसाच्या ५२. रोबस्टाच्या पेशीत २२, अरेबिकाच्या ४४. दोन्हीकडे दुप्पट, आणि दोन्हीकडे कारण एकच. अमेरिकन कापूस हा दोन वेगळ्या जातींचा जंगलात आपोआप झालेला संकर. त्या दोघांतला एक आपल्या देशीच्या कुळातला. अरेबिकाही तशीच, दोन जातींच्या संकरातून आलेली, आणि तिच्या आईबापांतला एक म्हणजे साक्षात रोबस्टा! वनस्पतिशास्त्रात रोबस्टाचं नाव कॉफिया कॅनेफोरा. दुसरी जात युजिनिऑइड्स, पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातली, कमी कॅफिनची, गोडसर. म्हणजे ज्या अरेबिकाच्या नावानं रोबस्टाला नाकं मुरडतात, ती तिचीच लेक.

संकराची लेक देखणी निघाली खरी, पण नाजूक. अरेबिकाचं झाड स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे जगभरच्या मळ्यांतली झाडं एकमेकांची जवळची भावंडं. इथिओपियातून येमेन, येमेनमधून थोडंसं बी इकडे, थोडं तिकडे, असा तिचा प्रवास झाला. आपल्याकडे बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. सात बियांच्या वंशात रोगाशी लढायची वेगवेगळी हत्यारं कुठून असणार? १८६९ मध्ये सिलोनच्या मळ्यांत पानांवर नारिंगी भुकटी दिसली. तांबेरा. त्याच्या पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी जवळजवळ संपली आणि त्याच डोंगरांवर चहा लागला. आपण 'सिलोनचा चहा' म्हणतो त्यामागे अरेबिकाचं हे मरण आहे. जावा बेटावरही तांबेऱ्यानं तेच केलं, आणि १९०० च्या सुमारास तिथं आफ्रिकेतून रोबस्टा आणून लावली गेली. ती टिकली. कारण रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, प्रत्येक झाड थोडं वेगळं, आणि अंगात कॅफिन दुप्पट. कॅफिन आपल्याला तरतरी देतं, किडीला मात्र ते विष.

कर्नाटकातल्या अरेबिकावाल्यांना तांबेऱ्याइतकाच छळतो तो पांढरा खोडकिडा. खोडात शिरला की झाड उपटून जाळण्यापलीकडे फारसा इलाज नाही. रोबस्टाला तो लागत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे बोंडअळीनं ज्यांची कंबर मोडली त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अमळनेरकडचे माझे मामा अजूनही बांधाच्या कडेला दोन ओळी देशी कापूस लावतात, तुडतुडे आले काय अन् मावा आला काय, त्या ओळींकडे पंप घेऊन जात नाहीत. भारतात आज पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा आहे, ती काही शेतकऱ्याला चव कळत नाही म्हणून नाही.

हेच मामा एकदा माझ्या हातातल्या काळ्या कॉफीचा घोट घेऊन म्हणाले होते, "हाई कडू जहर कसाले पी ऱ्हायना रे भाऊ?" ती अरेबिका होती, तीही हलकी भाजलेली. त्यांना रोबस्टा दिली असती तर काय म्हणाले असते, ते इथं लिहिता येणार नाही.

आता प्रत्यक्ष बी. भाजलेली असली तरी ओळखता येते, दळलेली असली की संपलं. म्हणून मी पूडच घेत नाही, बिया घेतो. स्टीलच्या ताटात मूठभर पसरायच्या, सपाट बाजू वर येईल अशा उलटवायच्या आणि खिडकीशी न्यायच्या. अरेबिकाचा दाणा लांबट, थोडा चपटा, आणि मधली चीर वळण घेत गेलेली, इंग्रजी एस अक्षर सैल हातानं काढावं तशी. रोबस्टाचा दाणा गोलसर, बुटका, आणि चीर बहुधा नाकासमोर सरळ. भाजल्यावर चिरेत एक पातळ पापुद्रा अडकून राहतो. धुऊन वाळवलेल्या अरेबिकात तो फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो, आणि अंधारातही चीर उठून दिसते. न भाजलेल्या हिरव्या बिया मिळाल्या तर फरक आणखी सोपा: धुतलेली अरेबिका निळसर हिरवी, वाळवलेली रोबस्टा पिवळट तपकिरी. एकेक दाणा वादाचा निघतो, पण मूठभरात फसवणूक लपत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानातून 'शुद्ध अरेबिका' म्हणून आलेल्या बिया मी अशाच ताटात पसरल्या, तर निम्म्याहून जास्त सरळ चिरेच्या, बुटक्या. रोबस्टा विकली याचा मला राग नाही. दुधात ती मस्त लागली. राग आहे तो अरेबिकाचा भाव लावल्याचा. कापसात असं केलं असतं तर गाडी गेटबाहेर गेली असती.

चवीचं म्हणाल तर त्याच्या मुळाशी आकडे आहेत. अरेबिकात कॅफिन साधारण १.२ टक्के, रोबस्टात २.२ च्या आसपास. अरेबिकात साखर जास्त आणि तेल जास्त, १५ टक्क्यांच्या वर. रोबस्टात तेल १० टक्क्यांच्या जवळपास. रोबस्टात क्लोरोजेनिक आम्ल जास्त, भाजताना ते मोडतं आणि कडवटपणा वाढतो. म्हणून अरेबिका आंबट-गोड, फुलांच्या, फळांच्या वासाची, तोंडात हलकी. रोबस्टा कडू, जड, भाजलेल्या शेंगदाण्याच्या वळणाची, घोट गिळल्यावरही जिभेवर बसून राहणारी. रात्री नऊनंतर प्यायलात तर छतही दिसत राहील.

आता यात म्हशीचं दूध ओता. आमच्याकडे दूध म्हणजे म्हशीचं, सहा-सात टक्के फॅटचं, साय धरणारं. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या कडू आणि तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि चव मवाळ होते. रोबस्टाचा कडवटपणा मवाळ झाला तरी खाली बरंच काही उरतं. अरेबिकाची ती नाजूक फुलं-फळं मात्र पहिल्या चमच्यालाच बुडतात. वर साखर, वर जायफळ. मग कपात उरतं ते गोड, जायफळी, तपकिरी दूध. वाईट लागतं असं नाही, पण त्यासाठी दुप्पट पैसे कशाला? ही फुलं-फळं हवीच असतील तर अरेबिका काळी प्या, बिनसाखरेची, आणि जरा निवू द्या. उकळती असताना ती काही बोलत नाही, कोमट झाली की आंबटगोड वर येतं.

ही अक्कल माझी नाही. ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली. वडील गार्ड होते, आणि शेजारी एक तमिळ कुटुंब होतं. त्यातल्या बाईंना आम्ही मामी म्हणायचो, त्यांचे यजमान इंजिनावर ड्रायव्हर. भुसावळ म्हणजे अर्धा हिंदुस्थान एका चाळीत, बोलणं सगळ्यांचं रेल्वेच्या हिंदीत. मामींच्या कॉफीच्या बिया बेंगळुरूहून कर्नाटक एक्स्प्रेसनं यायच्या, कुणा ओळखीच्याच्या हाती, जुन्या हॉर्लिक्सच्या डब्यात. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायची हातचक्की होती, ती फिरवायचं काम आम्हा पोरांचं. बदल्यात अर्धा टंबलर कॉफी, जी आईपासून लपवून प्यायची, कारण कॉफी प्यायलं की पोरं काळी पडतात असं आईचं ठाम मत होतं. मामी तीन भाग प्लांटेशन घ्यायच्या, म्हणजे धुतलेली अरेबिका, आणि एक भाग रोबस्टा. स्वस्त पडते म्हणून का, असं एकदा आईनं विचारलं, तर मामी जवळजवळ चिडल्या. "सस्ता का बात नहीं है. बिना रोबस्टा, दूध में कॉफी गुम हो जाता है."

पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, वर ती दाबायची चकती, त्यावर उकळतं पाणी, आणि मग धीर धरायचा. खालच्या भांड्यात थेंबाथेंबानं उतरणारं ते डिकॉक्शन मामी झाकण काढून वासावरून तपासायच्या, चमचा घालून कधी नाही. माझ्याकडे आज तसाच फिल्टर आहे, स्टीलचा. प्रमाण मात्र मी उलटं केलंय: दोन भाग रोबस्टा, एक भाग अरेबिका. मामींच्या चाळीत सरकारी डेअरीचं पातळ दूध यायचं, माझ्याकडे सावद्याच्या बाजूचं म्हशीचं येतं, त्याला एवढा जोर लागतोच.

कुणी म्हणेल, हे सगळं दक्षिणेतलं आणि रेल्वे क्वार्टरमधलं झालं, जगात काय? जगात इटली आहे. भारताची कॉफी सगळ्यात जास्त विकत घेणाऱ्या देशांत इटली वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर, आणि तिथं जाणाऱ्या मालात आपली रोबस्टा भरपूर असते. एस्प्रेसोवर जो सोनेरी फेस हवा असतो तो रोबस्टानं दाट होतो आणि टिकतो, कारण तिच्यात तेल कमी, आणि तेल फेस मोडतं. दक्षिण इटलीतले लोक कडक एस्प्रेसोत रोबस्टा मुद्दाम मागतात. आपल्याकडे वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कूर्ग, चिकमगळूर, बाबा बुदनगिरी आणि अराकू इथल्या अरेबिकांच्या रांगेत बसवून. सांभाळून पिकवलेली, लाल झालेलीच फळं तोडून धुतलेली रोबस्टा ही साध्या, झाडावरच वाळू दिलेल्या रोबस्टापेक्षा इतकी वेगळी लागते, की दोन्हींना एकच नाव का, असं वाटावं. 'रोबस्टा कापी रॉयल' या नावानं तिची वरची प्रत विकली जाते. कधी मिळाली तर घ्या. अरेबिकाच्या भावानं मिळाली तरी घ्या.

मग उरलेल्या दोन. लिबेरिका आणि एक्सेल्सा. पाठ्यपुस्तकी याद्यांत चार जाती सारख्या अंतरावर मांडलेल्या असतात, जणू बाजारात चार पोती शेजारी शेजारी उभी आहेत. तसं नाही. जगाचा जवळजवळ सगळा व्यापार अरेबिका आणि रोबस्टाचा, त्यात अरेबिका निम्म्याहून थोडी जास्त. लिबेरिका पश्चिम आफ्रिकेतली, झाड चांगलं उंच, शिडी लावून तोडावं असं, दाणा मोठा आणि वाकडा, एका टोकाला चोचीसारखा. फिलिपीन्समध्ये बटांगास भागात तिला बराको म्हणतात आणि ती तिथल्या माणसाचा अभिमान आहे. मलेशियातही पिकते. वास पिकलेल्या फणसाच्या जवळ जाणारा, आणि फणस न आवडणाऱ्यानं तिच्या वाट्याला जाऊ नये. एक्सेल्साला २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी लिबेरिकाचीच उपजात ठरवलं होतं. त्यांचे वाद त्यांना लखलाभ. जळगावच्या दुकानदाराला लिबेरिका मागितली तर तो तुम्हाला इसबगोल देईल.

पण लिबेरिकाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडच्या अरेबिका मळ्यांत सगळ्यात जास्त दिसणारं वाण आहे एस ७९५. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, त्यांचं हे काम. त्याच्या वंशावळीत एका बाजूला केंट नावाची जुनी अरेबिका आणि दुसऱ्या बाजूला अरेबिका-लिबेरिकाचा आपोआप झालेला संकर. म्हणजे '१०० टक्के अरेबिका' म्हणून आपण जे पितो त्यात लिबेरिकाचं रक्त आहे. तशीच दुसरी कथा तिमोर बेटावरची. तिथं १९२० च्या दशकात अरेबिका आणि रोबस्टा यांचा नैसर्गिक संकर सापडला, तांबेऱ्याला न जुमानणारा, आणि मग जगभरच्या पैदासकारांनी त्याच्यावर उड्या घातल्या. आपल्याकडचं कावेरी, चंद्रगिरी ही वाणं त्याच कुळातली. शुद्धतेचा फार आग्रह धरणाऱ्यांनी वंशावळी वाचू नयेत. कापसातही १९७० साली सुरतहून एच-४ हे संकरित वाण आलं तेव्हापासून आमच्याकडे संकराला कुणी नाव ठेवत नाही.

पाकिटावरच्या आणखी काही नावांनी लोक गोंधळतात, ती जातीची नावं नाहीत. पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच दाणा भरला, म्हणून तो गोल झाला. अरेबिकातही होतो, रोबस्टातही. काही लोक तिच्यासाठी जास्त पैसे देतात. मला भाजायला सारखी पडते एवढाच फायदा दिसतो. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली, 'पार्चमेंट' किंवा 'प्लांटेशन' म्हणजे गर काढून धुऊन वाळवलेली. आणि 'मॉन्सून्ड मलबार' म्हणजे मंगळुरूच्या बाजूला पावसाळ्यात उघड्या गोदामात पसरून, ओल्या वाऱ्यात फुगवलेली कॉफी. दाणा दुप्पट दिसायला लागतो, रंग फिकट सोनेरी, आंबटपणा जवळजवळ जातो. तिच्यात ओल १३-१४ टक्क्यांवर नेऊन ठेवतात म्हणे. आमच्याकडे कापसाची ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की मी भाव कापायला सुरुवात करतो, आणि तिथं ओल पाजली म्हणून भाव वाढतो! दूध घालणाऱ्यांना ही कॉफी आवडते, आंबट नसल्यामुळे.

चिकोरी हा तर बीच नाही, मूळ आहे, भाजून दळलेलं. कॅफिन शून्य. आपल्या कायद्यानं कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि पाकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. पुढच्या बाजूला अरेबिका वाचून आनंदून जाण्याआधी पाकीट उलटं करा. सुटी पूड असेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वरून चिमूटभर टाका. कॉफी तरंगत राहते. चिकोरी लगेच खाली बसायला लागते आणि बसता बसता पाण्यात तपकिरी धागे सोडते. आमच्या घरी पाहुण्यांसमोर हा प्रयोग करायला बायकोनं बंदी घातली आहे, विशेषतः पाहुणे कॉफीचं पाकीट घेऊन आलेले असतील तर. थोडी चिकोरी मला चालते, दुधात अंग येतं. निम्मी चिकोरी चालत नाही.

पाण्याचंही सांगून टाकतो, कारण इथं ते फार आडवं येतं. बोअरचं जड पाणी अरेबिकाचा आंबटपणा मारून टाकतं, पाण्यातला क्षार आम्लाला गिळतो. तीच कॉफी नळाच्या गोड्या पाण्यात उमलते. आमच्या कॉलनीत बोअर आहे, त्यामुळे काळ्या कॉफीसाठी मी जिनिंगमधून फिल्टरचं पाणी बाटलीत भरून आणतो. रोबस्टाला बोअरनं फारसा फरक पडत नाही. दूध-साखरवाल्यांना तर नाहीच.

भावाचं विचाराल तर आमच्या ऑफिसात स्क्रीनवर न्यूयॉर्कचा कापूस दिवसभर चालू असतो, आणि त्याच एक्स्चेंजवर अरेबिकाही, दोन्हीचा भाव सेंट-पाउंडातच. रोबस्टाचा भाव लंडनला ठरतो, टनाला डॉलरमध्ये. कापूस पडलेला असला की मी कॉफी बघतो, जिवाला बरं वाटतं. ब्राझीलला दुष्काळ, व्हिएतनामला दुष्काळ, असं पाठोपाठ झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका पाउंडाला चार डॉलरच्या वर गेली, तेवढी ती कधीच गेली नव्हती. रोबस्टाही त्याआधीच चढली होती. दोघींतलं अंतर काही महिने इतकं कमी झालं, की रोबस्टा स्वस्त म्हणून घ्या हे सांगायची सोय राहिली नाही. दुधात चांगली लागते म्हणून घ्या, हे आधीही खरं होतं, आताही आहे.

हे सगळं ऐकून रावेरच्या माझ्या भाच्याच्या डोक्यात नवीन किडा शिरलाय. त्याची केळी आहे, ठिबक आहे, आणि केळीच्या भावाचा वैताग आहे. "मामा, आपल्याकडे कॉफी का नाही लावत?" म्हटलं, अरेबिकाला हजार-दीड हजार मीटर उंची हवी, १५ ते २५ अंश तापमान, दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस. रोबस्टा खाली येते, पाचशे ते हजार मीटरवर, थोडी उष्णताही सोसते, पण हवेत दमटपणा हवा आणि फुलाच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी हवंच हवं. जळगावला वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा ४५ वर. तो लगेच सातपुड्यात चढला: तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे ना? आहे. आणि चिखलदऱ्याला कॉफी आहेच की, इंग्रजांच्या वेळेपासून? तीही आहे, त्याच डोंगररांगेत. पाण्याचं ठिबकवर भागवू म्हणाला. सावली कशाची करशील, कॉफीला उघडं ऊन सोसत नाही, तिकडे सिल्व्हर ओक असतात. तर म्हणाला, केळीची करेन, केळी तर आपल्याकडे आहेच. युगांडात खरोखरच केळीच्या बागेत रोबस्टा लावतात, त्यामुळे पटकन नाही म्हणता आलं नाही. पण युगांडात रावेरसारखा मे नसतो, हे मी त्याला सांगितलंय. तो तरी रोपं कुठं मिळतील ते विचारतोय, आणि माझ्याकडे बाळेहोन्नूरचा पत्ता मागतोय.